आगबोटीतील खोली : पहिल्या समुद्रप्रवासातील पहिला निर्णय

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखबद्ध पाठ)



कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात प्रवासवर्णनांचे एक कपाट हमखास असते. त्यात विलायतेच्या प्रवासाची पुस्तके असतात, आणि त्या पुस्तकांतून मुंबई बंदर मागे पडतानाची हुरहूर, एडनचे उघडे डोंगर, सुएझचा कालवा आणि लंडनचे धुके ही वर्णने वाचकांना पुन्हापुन्हा भेटतात. परंतु बंदर सोडण्याच्या कितीतरी आधी या प्रत्येक प्रवाशाला एक निर्णय घ्यावा लागला होता आणि त्याचा उल्लेख पुस्तकांतून फार थोडा येतो. तो निर्णय म्हणजे आगबोटीतील खोली, अर्थात केबिन, कोणती घ्यायची हा होय.

हा निर्णय मोठा चमत्कारिक आहे. तो जमिनीवर बसून घ्यायचा असतो आणि त्याचे फळ पाण्यावर भोगायचे असते. ज्याने समुद्र केवळ किनाऱ्यावरून पाहिला आहे, त्याच्यापुढे कंपनीच्या कचेरीत जहाजाचा एक नकाशा उलगडला जातो. त्यावर छोटे छोटे चौकोन आणि त्यांत आकडे असतात. सगळे चौकोन सारखेच दिसतात, फक्त दर निरनिराळे असतात. अशा वेळी अननुभवी माणूस घराच्या हिशेबाने विचार करतो. वरचा मजला चांगला, समोरची खोली मानाची, मोठी खिडकी सुखाची, आणि जे महाग ते उत्तम, असे त्याला वाटते. जमिनीवरचे हे चारही ठोकताळे पाण्यावर सरसकट लागू पडत नाहीत. ते का लागू पडत नाहीत आणि पहिल्यांदा महासागर ओलांडणाऱ्याने कोणत्या हिशेबाने खोली निवडावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रारंभ थोड्या इतिहासाने करणे योग्य ठरेल. राघोबादादांचा वकील हनुमंतराव १७८१ मध्ये इंग्लंडला गेला, त्या काळात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे शिडांची होती. त्या जहाजांवर मानाची जागा पिछाडीला असे. कप्तान मागे, सुकाणू मागे, मोठ्या खिडक्या मागे, म्हणून प्रतिष्ठित प्रवासीही मागे. प्रवाशाला मिळे ती केवळ रिकामी जागा. तिच्या भिंती कधी फळ्यांच्या, तर कधी नुसत्या कॅनव्हासच्या असत. पलंग, खुर्ची, हात धुण्याचे भांडे हे सारे त्याने स्वतः आणायचे आणि जहाज हलू लागले की घरंगळू नये म्हणून दोरांनी बांधायचे. जहाजाचे टोक मात्र लाटेबरोबर सर्वांत अधिक वरखाली होते. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त पैसे मोजले, त्यालाच समुद्राचे हेलकावे अधिक बसत. मान एकीकडे आणि आराम दुसरीकडे अशी ही व्यवस्था होती.

वाफेचे इंजिन आले तरी ही सवय पुष्कळ वर्षे टिकली. १८७१ मध्ये व्हाइट स्टार कंपनीची ‘ओशनिक’ ही आगबोट अटलांटिक महासागरावर धावू लागली. तिच्यात पहिल्या वर्गाच्या खोल्या पिछाडीऐवजी जहाजाच्या मध्यभागी आणल्या होत्या आणि त्यांच्या गोल खिडक्याही पूर्वीपेक्षा मोठ्या केल्या होत्या. पुढे इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. मध्यभाग श्रीमंतांचा झाला आणि नाळ व पिछाडी ही दोन्ही टोके स्वस्त तिकिटाच्या प्रवाशांच्या वाट्याला आली. पहिल्या प्रवासाला निघणाऱ्याने या इतिहासातून एवढे ध्यानात ठेवावे की, मध्यभागाला किंमत आली ती प्रतिष्ठेमुळे नव्हे. तेथे जहाज सर्वांत कमी हलते, हे कारण आधीचे. प्रतिष्ठा मागाहून आली.

जहाज कमी-अधिक का हलते, हे समजण्यास फार शास्त्र लागत नाही. मुले ज्या फळीच्या झोक्यावर दोन टोकांना बसून वरखाली होतात, तो झोका डोळ्यांपुढे आणावा. टोकावरचे मूल कितीही उंच उडाले, तरी मधल्या आसापाशी ठेवलेला हात जेमतेम हलतो. समोरून लाट आली की जहाजाचे असेच होते. समजा, एखादी खोली जहाजाच्या मध्यापासून १५० मीटर पुढे, नाळेच्या बाजूला आहे. जहाज समोरच्या लाटेवर केवळ एक अंश वर चढले, तर ही खोली सुमारे २.६ मीटर वर जाते. एक अंश खाली गेले, तर तेवढीच खाली येते. म्हणजे त्या खोलीत झोपलेला मनुष्य काही सेकंदांत पाच मीटरांहून अधिक, एका दुमजली घराइतका, वरखाली होतो. तेच मध्यापासून २० मीटरांवर असलेल्या खोलीत हा प्रवास एका मीटरहूनही कमी असतो. जहाज एकच, लाट एकच आणि रात्रही एकच. फरक केवळ नकाशावरच्या चौकोनाचा.

दुसरी हालचाल डावीकडून उजवीकडे डोलण्याची. ती पाण्याच्या पातळीजवळ कमी आणि जसजसे वर जावे तसतशी अधिक जाणवते. डोलकाठीच्या शेंड्यावर चढलेल्या खलाशाला जे हेलकावे बसतात, ते तळाशी बसलेल्या तांडेलाला बसत नाहीत. म्हणून वरचा मजला उत्तम हा घरचा नियम येथे उलटा होतो. या डोलण्यावर विसाव्या शतकात एक उपाय निघाला. जहाजाच्या दोन्ही कुशींना, पाण्याखाली, माशाच्या परांसारखे हलते पर बसवण्यात आले. पी. अँड ओ. कंपनीच्या १९५० साली सेवेत आलेल्या ‘चुसान’ या मोठ्या प्रवासी जहाजावर असे पर होते. आता ते बहुतेक मोठ्या प्रवासी जहाजांवर असतात. पण हे पर कुशीवर डोलणे आवरतात. समोरच्या लाटेवर चढणे-उतरणे त्यांना फारसे आवरता येत नाही. त्यामुळे मध्यभागाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

तर मग मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी, एवढे सांगून हा विषय संपायला हवा होता. परंतु मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशापुढे आणखी एक अडचण होती, आणि ती अटलांटिकच्या प्रवाशाला ठाऊक नव्हती. ती म्हणजे उष्मा. मुंबईहून सुएझमार्गे लंडन हा सुमारे सव्वासहा हजार सागरी मैलांचा प्रवास. त्यात जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला आणि त्यापुढे तांबडा समुद्र भट्टीसारखा तापलेला. समुद्र खवळला की खालच्या मजल्यावरच्या गोल खिडक्या खलाशी मळसूत्र आवळून बंद करून टाकीत, कारण एका लाटेत खोली भरून जाण्याची भीती असे. वातानुकूलनाच्या आधीच्या त्या काळात खिडकी बंद झाली की खोलीतली हवाही बंद. म्हणजे जेथे जहाज कमी हलते तेथे श्वास कोंडतो आणि जेथे वारा मिळतो तेथे बोट लागते! ज्यांना बोट लागण्याचा अनुभव आहे, त्यांना हा पेच निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हवा की स्थैर्य, या पेचावर जहाजे बांधणाऱ्यांनी आणि प्रवाशांनी आपापल्या परीने तोडगे काढले. गोल खिडकीतून पत्र्याचे पन्हळ बाहेर सरकवून वाऱ्याची झुळूक आत वळवली जाई. लिव्हरपूल ते रंगून अशी वाहतूक करणाऱ्या बिबी कंपनीच्या जहाजांवर काटकोनी आकाराच्या खोल्या असत. आतल्या अंगाच्या खोलीला बाहेरच्या खोलीशेजारून एक चिंचोळी वाट जहाजाच्या कुशीपर्यंत दिलेली असे आणि तिच्या टोकाला स्वतःची खिडकी असे. ‘बिबी केबिन’ हे नावच पुढे अशा खोलीला पडले. नंतर यंत्राने नळ्यांतून हवा खेळवण्याची सोय आली. छताजवळच्या ज्या फिरत्या तोटीतून ती हवा अंगावर घेता येई, तिला नाविकांच्या भाषेत ‘पंखा लूव्हर’ म्हणतात. हिंदुस्थानातील उकाड्याची आणि हाताने ओढायच्या पंख्याची ही आठवण जगाच्या जहाजबांधणीत अशी राहून गेली. आणि हे काहीच साधले नाही, तर प्रवासी आपले अंथरूण उचलून सरळ डेकवर झोपायला जात. तांबड्या समुद्रातून जाताना स्त्रियांसाठी एक बाजू आणि पुरुषांसाठी दुसरी, अशी व्यवस्था करण्याची रीतच होती.

याच संदर्भात ‘पॉश’ या शब्दाची कथा पुष्कळांनी ऐकलेली असेल. जहाजाच्या डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना डावीकडची खोली थंड आणि परत जाताना उजवीकडची थंड. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे छापली जात आणि त्यातून हा शब्द झाला, अशी ती कथा. असा शिक्का असलेले तिकीट आजवर कोणाला मिळालेले नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. शब्दाची कथा खोटी असली, तरी तिच्यातले ऊन मात्र खरे आहे. तांबडा समुद्र वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपा पसरलेला आहे. मुंबईहून गेलेली बोट त्यातून वर निघाली की तिची डावी बाजू दुपारभर पश्चिमेच्या उन्हात तापते, लोखंड रात्रीपर्यंत निवत नाही, आणि उजवीकडे सकाळचे ऊन दुपारपूर्वीच सरून गेलेले असते.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. ही कथा इंग्रजाच्या घरापासून सुरू होते. ज्याचे घर मुंबईला, पुण्याला किंवा बडोद्याला होते, त्याला हीच कथा उलटी करून वाचावी लागे. जाताना उजवी बाजू आणि घरी परतताना डावी. खोलीच्या निवडीबाबत मिळणारा कोणताही सल्ला ऐकताना, तो देणारा कोणत्या बंदराहून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या दिशेने निघाला होता हे आधी विचारावे, एवढा धडा या कथेतून घेण्यासारखा आहे.

आतापर्यंतचा विचार वारा, लाट आणि ऊन यांचा झाला. परंतु मराठी माणसाच्या पहिल्या समुद्रप्रवासात त्याहून नाजूक प्रश्न गुंतलेले होते. सिंधुबंदीचे सावट होते, सोवळ्याओवळ्याचा विचार होता, आणि सर्वांवर पैशांची चणचण होती. ज्यांना पैशांची चिंता नव्हती, त्यांचा मार्ग सोपा होता. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी निघाले, तेव्हा त्यांनी ‘ऑलिंपिया’ ही सबंध आगबोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या अजस्र घागरींतून गंगाजल बरोबर नेले. खोली निवडण्याचा प्रश्नच त्यांनी असा मुळातून मिटवला. बाकीच्यांना दोन, तीन किंवा चार बर्थच्या खोलीत एक बर्थ, एवढेच परवडण्यासारखे होते. खालचा बर्थ की वरचा, सोबती कोण, सामाईक न्हाणीघर किती अंतरावर, हे त्यांचे प्रश्न होते.

त्या दृष्टीने १८८३ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती बरोबर नाही, आप्त नाही. मिशनरी स्त्रियांची काय ती सोबत. त्याच वर्षी पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्यांच्याबरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. एकट्या स्त्रीला किंवा लहान मूल घेऊन निघालेल्या आईला खोली घेताना खिडकीआधी सोबतीचा विचार करावा लागतो. रात्री मूल रडू लागले तर शेजारी कोण आहे, स्वतःला बोट लागली तर मुलाला कोण उचलून घेईल, हे प्रश्न नकाशावर दिसत नाहीत. पुढे १८८६ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी, रमाबाईंनी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंत उत्तर अटलांटिक ओलांडला. तो समुद्र सर्वांत खवळलेला असतो असा तो ऋतू. त्या अमेरिकेच्या प्रवासाचा आणि तेथील लोकस्थितीचा वृत्तांत त्यांनी मराठीत लिहिला आणि तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथालयांच्या सभासदांना ते पुस्तक अपरिचित नसावे.

सोबतीचा प्रश्न किती खोलवर जातो, हे मोहनदास गांधी यांच्या पहिल्या प्रवासातून दिसते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले. मित्रांनी त्यांच्यासाठी जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्याच खोलीत बर्थ राखून ठेवला होता. ही निवड शहाणपणाची होती, कारण मजमुदार वयाने मोठे आणि जगाचा अनुभव असलेले गृहस्थ होते. गांधींना बोटही लागली नाही. तरीसुद्धा इंग्रजीत बोलण्याचा संकोच आणि जेवणातले पदार्थ कशाचे आहेत हे विचारण्याची लाज, यांमुळे ते दिवसभर खोलीतच बसून राहत, घरून आणलेली मिठाई आणि फळे तेथेच खात, आणि डेकवर माणसे विरळ झाली की मगच वर जात. मजमुदार मात्र मोकळेपणाने सर्वत्र वावरत आणि आपल्या तरुण सोबत्यालाही लोकांशी बोलण्याचा आग्रह करीत. खोली तीच, बोट तीच. एकाला ती विश्रांतीची जागा झाली आणि दुसऱ्याला लपण्याची. पहिल्या प्रवासात खोली फार सुखाची असणे हेही प्रसंगी घातक ठरते, ते असे.

बडोद्याशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यापुढचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. महाराज सयाजीराव गायकवाड १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले आणि परदेशगमनाने मनुष्य घडतो या श्रद्धेने त्यांनी पुढे अनेक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते याच शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने खोलीवर जादा खर्च केलेला प्रत्येक पौंड म्हणजे परदेशात न घेतलेले एखादे पुस्तक. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये महायुद्ध चालू असताना परतले, तेव्हा त्यांनी जमवलेली पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट टॉर्पेडोच्या माऱ्याने बुडाली आणि ग्रंथसंग्रह गेला. युद्धकाळातील ते संकट कोणाच्या हातचे नव्हते. तथापि आगबोटीच्या प्रवासाचा एक जुना नियम त्यावरून आठवतो. जे गेल्यास पुन्हा मिळणार नाही, ते मोठ्या सामानात देऊ नये. औषधे, कागदपत्रे, हस्तलिखिते यांची जागा आपल्या बर्थखाली. खोली लहान घ्यावी लागली तरी चालेल, पण एवढे सामान मावेल इतकी तरी ती असावी.

असो. मुंबईहून विलायतेला नियमित जाणाऱ्या आगबोटींचे ते युग आता संपले आहे. अँकर कंपनीची मुंबई–लिव्हरपूल प्रवासी सेवा १९६६ मध्ये थांबली. १९६७ च्या युद्धामुळे सुएझचा कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. दरम्यान विमान स्वस्त झाले आणि विद्यार्थी, व्यापारी, सुना-मुली सारे आकाशमार्गाने जाऊ लागले. मग आज या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, महासागर ओलांडण्याची नियमित प्रवासी वाहतूक अजून एका मार्गावर टिकून आहे आणि तो मार्ग मराठी कुटुंबांच्या आजच्या भूगोलात बसणारा आहे. ज्यांचा एक मुलगा लंडनला आणि मुलगी न्यू जर्सीला आहे अशी घरे बडोदे, इंदूर, बेळगाव किंवा पणजी यांपैकी कोणत्याही गावात आज दुर्मिळ नाहीत. निवृत्तीनंतर एकदाच, ऐपत गोळा करून, इंग्लंडहून अमेरिकेला समुद्रमार्गे जावे असे वाटणारे दांपत्य हे आजचे पहिले प्रवासी होत. पासष्टी ओलांडलेल्या, एकाचे गुडघे दुखतात आणि दुसऱ्याला मोटारीतही मळमळते, अशा दोघांच्या आयुष्यात ही निवड पुन्हा करण्याची संधी बहुधा येत नाही. म्हणूनच ती नीट झाली पाहिजे.

हा मार्ग म्हणजे साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, आणि ते जहाज म्हणजे कुनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’. फ्रान्समधील सेंट-नाझेर येथे बांधलेले हे जहाज २००४ मध्ये सेवेत आले. लांबी ३४५ मीटर. एका खेपेला साधारणपणे सात रात्री लागतात. पश्चिमेकडे जाताना पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घ्यावे लागते. त्यामुळे दिवस पंचवीस तासांचा होतो आणि ज्येष्ठांना विमानप्रवासानंतर होणारा झोपेचा गोंधळ येथे होत नाही. पूर्वेकडे येताना ते तास परत करावे लागतात. म्हणून ज्याला एकच बाजू जहाजाने करायची असेल, त्याने जाण्याची बाजू निवडणे अधिक सुखाचे. भारतीय पारपत्रधारकांनी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा हाती आल्यावरच पैसे भरावेत, हेही येथेच सांगून ठेवणे बरे.

या जहाजाच्या नकाशापुढे बसल्यावर जुन्याच प्रश्नांची नवी रूपे दिसतात. हवेचा प्रश्न वातानुकूलनाने सोडवला आहे, त्यामुळे खालचा मजला आणि मध्यभाग आता निःशंकपणे घेता येतो. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्यावर सज्जा असलेल्या काही खोल्या अशा आहेत की, त्यांचा सज्जा जहाजाच्या पोलादी कुशीतच कोरलेला आहे. समोर काचेऐवजी पोलादी कठडा असतो. खुर्चीत बसल्यावर समुद्र कमी दिसतो, उभे राहिल्यावर पूर्ण दिसतो, परंतु वाऱ्यापासून आडोसा मिळतो. अटलांटिकच्या थंड वाऱ्यात हा आडोसाच उपयोगी पडतो. वरच्या मजल्यांवरचे काचेचे सज्जे चित्रात अधिक देखणे दिसतात, पण ते उंचावर असल्याने तेथे डोलणे अधिक जाणवते. आठव्या मजल्यावरच्या काही सज्ज्यांपुढे जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. तेथून समुद्राऐवजी होडीचे छप्पर दिसते. ते ठाऊक असून कमी दरात घेतले तर वावगे नाही, न कळता घेतले तर हिरमोड होतो.

आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोलीविषयी पुष्कळांच्या मनात अढी असते. ती अगदीच निराधार नाही. दिवा मालवला की दिवस-रात्र कळत नाही आणि ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांनी ती घेऊ नये. परंतु मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची आतली खोली ही स्वस्त असूनही नाळेजवळच्या महागड्या खोलीपेक्षा स्थिर असू शकते. बोट लागते ती कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांची साक्ष जुळत नाही म्हणून. यावर दोनच साधे उपाय आहेत. डोळे मिटून आडवे पडावे, किंवा उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. पहिला उपाय आतल्या खोलीत उत्तम साधतो. दुसऱ्यासाठी सातव्या मजल्यावर सबंध जहाजाला वळसा घालणारा डेक आहे. त्याच्या तीन फेऱ्यांत मैलाहून थोडे अधिक चालणे होते, आणि त्यासाठी खोलीच्या दराचा संबंध नाही.

नकाशा पाहताना केवळ आपला चौकोन पाहू नये. त्याच्या वर काय आणि खाली काय, हे दोन मजल्यांचे नकाशे एकावर एक धरून पाहावे. डोक्यावर नाचाचे दालन किंवा भोजनगृह असेल, तर रात्री उशिरा आणि पहाटे लवकर खुर्च्या सरकण्याचे आवाज येतात. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर ती जागा शांत समजावी. गुडघे दुखत असतील तर लिफ्टपासून फार दूर नको. पण अगदी दाराशीही नको, कारण तेथे माणसांची वर्दळ असते. एवढ्या लांब जहाजात खोली ते भोजनगृह हे अंतर दिवसातून तीनदा चालायचे आहे, हे विसरता कामा नये. दोन पलंग वेगळे हवेत की जोडून, न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची किती, धरायला दांडा आहे का, या गोष्टी आधी विचारून घेण्यात संकोच नसावा. एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या खोलीसाठी जादा आकार पडतो. २०१६ च्या दुरुस्तीत या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी पंधरा खोल्या करण्यात आल्या, परंतु त्या लवकर भरतात.

आणखी एक सावधगिरी. काही स्वस्त दरांत खोलीचा प्रकार तेवढा ठरतो, क्रमांक कंपनी मागाहून ठरवते. ज्याला कोठेही झोप येते त्याने हा दर खुशाल घ्यावा. ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याने तो घेऊ नये. त्यापेक्षा एक पायरी खालच्या प्रकारातली, पण हव्या त्या जागेची खोली क्रमांकासह पक्की करावी. ऐपत मर्यादित असेल तर पैसा प्रथम जागेवर खर्च करावा, मग खिडकीवर, मग आकारावर, आणि सज्जावर सर्वांत शेवटी. हा क्रम अटलांटिकसाठी आहे; उष्ण आणि शांत समुद्रातील सफरीत सज्जाला पहिला मान देणेही योग्य ठरेल. मुंबईच्या प्रवाशाला ‘पॉश’ची कथा उलटी वाचावी लागे, त्यातलाच हा न्याय आहे.

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. खोली निवडताना माणूस नकळत प्रवासातली सर्वांत सुखाची दुपार डोळ्यांपुढे आणतो : सज्जात दोन खुर्च्या, निळे पाणी, हातात चहाचा पेला. त्याने प्रवासातली सर्वांत कठीण रात्र डोळ्यांपुढे आणली पाहिजे : वादळ आहे, दोघांपैकी एकाला उलट्या होत आहेत, दुसऱ्याला अंधारात उठून पाणी द्यायचे आहे. त्या रात्री ज्या खोलीत निभावेल ती खोली घ्यावी. सुखाची दुपार जहाजावर कोठेही मिळते. डेक सर्वांचा आहे, क्षितिज सर्वांचे आहे. शिवाय ‘क्वीन मेरी २’वर आठव्या मजल्यावर, नाळेच्या बाजूला, हजारो पुस्तकांचे एक प्रशस्त ग्रंथालय आहे आणि त्याच्या खिडक्यांतून समोरचा समुद्र दिसतो. तेथे सर्वांत स्वस्त आतल्या खोलीतला प्रवासी आणि सर्वांत महागड्या दालनातला प्रवासी एकाच रांगेतल्या खुर्च्यांवर बसतात. नाळ असल्याने तेथे हेलकावे मात्र थोडे अधिक बसतात; समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी पुस्तक घेऊन मध्यभागी आपल्या खोलीत परतावे, हे उत्तम.